फ्लायव्हील बदलायचं की दुरुस्त करायचं? खोलण्यापासून परत बसवण्यापर्यंत

तुमची अडचण मला समजली ती अशी. गाडी पहिल्या गिअरमध्ये उचलताना थरथरते, रिव्हर्सला तर जास्तच. सहा महिन्यांपूर्वी क्लच प्लेट आणि तिला दाबून धरणारी प्रेशर प्लेट दोन्ही नव्या घातल्या, थोडे दिवस बरं वाटलं आणि मग पुन्हा तेच सुरू झालं. शिवाय मधूनच सेल्फ मारला की नुसती खरखर होते, इंजिन फिरतच नाही. मेकॅनिक म्हणतो फ्लायव्हील बदला. ते दुरुस्त होतं का, आणि स्वतः काढून बसवता येईल का, असं तुम्ही विचारलंय.

फ्लायव्हील म्हणजे क्रँकच्या, इंजिनाच्या मुख्य फिरत्या दांड्याच्या, मागच्या टोकाला बोल्टने बसवलेलं जड चाक, त्याच्याच चेहऱ्यावर क्लच प्लेट घासते. साधं, एकसंध बिडाचं फ्लायव्हील असेल तर बहुतेक वेळा दुरुस्त होतं. स्वतःही करता येतं, पण त्यासाठी गिअरबॉक्स उतरवावा लागतो. म्हणजे मदतीला एक माणूस, मजबूत स्टँड आणि गिअरबॉक्स पेलणारा जॅक हवा. त्याशिवाय टॉर्क रेंच (ठरावीक जोराने बोल्ट आवळणारा पाना) आणि चुंबकी स्टँडवरचं डायल गेज (बारीकशी हालचाल सुईने दाखवणारं मापयंत्र) हाताशी नसेल तर या कामाला हातच घालू नका. फ्लायव्हीलच्या कामानंतर तक्रार घेऊन परत आलेल्या गाड्या मी बऱ्याच खोलल्यात. त्यातल्या फार थोड्यांत दोष फ्लायव्हीलमध्ये होता. बाकीच्यांत ते जिथं बसतं ती जागा, नाहीतर त्याला धरून ठेवणारे बोल्ट, याकडे कुणी नीट पाहिलंच नव्हतं.

खोलण्याआधी दोन गोष्टी बघून घ्या. थरथर फक्त गाडी उचलतानाच येते, की क्लच पूर्ण दाबून इंजिन वाढवलं तरी जाणवते? फक्त उचलताना येत असेल तर दोष क्लचच्या घासणाऱ्या पृष्ठभागात, त्यावर आलेल्या तेलात किंवा इंजिनाच्या सैल फाउंडेशनमध्ये, म्हणजे इंजिन धरणाऱ्या रबरी बैठकीत असतो. फाउंडेशनचे रबर आधी तपासा. ते फाटलेले असतील तर गिअरबॉक्स उगाच उतरवला असं व्हायला नको. उभ्या गाडीत, क्लच दाबूनही इंजिनाच्या वेगाबरोबर कंप वाढत असेल, तर मग फ्लायव्हीलचं बॅलन्सिंग किंवा त्याचे बोल्ट यांचा संशय घ्यायचा. सैल फ्लायव्हीलचा ठोका अगदी बिग एंड बेअरिंग गेल्यासारखा येतो. क्लच दाबल्यावर तो ठोका बदलला किंवा थांबला, तर गाडी तिथंच उभी ठेवा. ती चालवत नेऊ नका.

सेल्फच्या खरखरीचीही सोपी परीक्षा आहे. खरखर झाली की इग्निशन बंद करा, टॉप गिअर टाका, गाडी हाताने वीतभर पुढं ढकला, न्यूट्रल करा आणि पुन्हा सेल्फ मारा. आता नीट लागला तर रिंग गिअरचे, म्हणजे फ्लायव्हीलच्या कडेवर चढवलेल्या दातेरी रिंगचे, दात एका जागी झिजलेत असं समजा. बंद होताना इंजिन कुठंही थांबत नाही, कुठल्यातरी सिलिंडरचं कॉम्प्रेशन त्याला अडवतं. त्यामुळे 4 सिलिंडरचं इंजिन जवळजवळ नेहमी समोरासमोरच्या 2 जागांपैकी एका जागी थांबतं, 3 आणि 6 सिलिंडरचं 3 जागांपैकी एका जागी. सेल्फचं पिनियन, म्हणजे त्याचं छोटं दातेरी चाक, दरवेळी त्याच दातांवर येऊन आदळतं. बाकी सगळी रिंग नव्यासारखी आणि तेवढे आठ-दहा दात कुरतडलेले, असं चित्र खोलल्यावर दिसतं.

आता उतरवण्याबद्दल. बॅटरीची निगेटिव्ह तार सगळ्यात आधी काढा, कारण सेल्फच्या जाड तारेला नेहमी करंट असतो. बेल हाउसिंगमध्ये, म्हणजे क्लच आणि फ्लायव्हील झाकणाऱ्या कवचात, क्रँक सेन्सर असेल तर गिअरबॉक्स हलवण्यापूर्वी तो काढून बाजूला ठेवा, नाहीतर त्याचं टोक हमखास मोडतं. गिअरबॉक्स निघाल्यावर इंजिन मागून लोंबणार, म्हणून त्याला वरून आधार द्या किंवा खालून जॅक लावून तो आणि सम्प (इंजिनाखालची तेलाची टाकी) यांच्यामध्ये रुंद लाकडी फळी घाला. बेल हाउसिंगचे बोल्ट लांबीला वेगवेगळे असतात. पुठ्ठ्यावर हाउसिंगचा आकार काढून प्रत्येक बोल्ट त्याच्या जागी खोचून ठेवला की बसवताना शोधाशोध होत नाही.

गिअरबॉक्स मागं ओढताना तो इंजिनाच्या रेषेत सरळच आला पाहिजे. इनपुट शाफ्ट, म्हणजे गिअरबॉक्समधून पुढं आलेला दांडा, क्लच प्लेटच्या हबमध्ये अडकलेला असताना गिअरबॉक्सचं वजन खाली लोंबू दिलं तर प्लेट वाकते. डोळ्यांना ते कळत नाही, पण थरथर मात्र तिथूनच सुरू होते. तुमच्या सहा महिन्यांपूर्वीच्या कामात हेही घडलेलं असू शकतं.

प्रेशर प्लेट आणि फ्लायव्हील दोन्हींवर सेंटर पंचने एकेक ठिपका मारा, म्हणजे ती होती तशीच परत बसेल. बोल्ट समोरासमोरचे, अर्धा-अर्धा फेरा करत सैल करा. एका बाजूचे सगळे आधी काढले तर प्लेट तिरपी होऊन वाकते. आतली काळी धूळ हवेने कधीही उडवू नका. जुन्या क्लच प्लेटांमध्ये ॲसबेस्टॉस असायचं, आणि आता नसलं तरी ती धूळ फुप्फुसात जाण्यासारखी नाही. ओल्या फडक्याने पुसून काढा.

फ्लायव्हीलचे बोल्ट सोडवण्यापूर्वी, ते जागेवर असतानाच, तीन मापं घ्या, पहिली दोन डायल गेज लावून. ही पायरी लोक गाळतात, आणि एकदा फ्लायव्हील खाली आलं की ही मापं परत मिळत नाहीत. पहिलं माप क्रँकच्या पुढं-मागं चालीचं. फ्लायव्हील आत ढकला, बाहेर ओढा आणि सुई किती फिरते ते बघा. साधारणपणे ही चाल 0.05 ते 0.30 मिलिमीटरच्या आत असते, नक्की मर्यादा तुमच्या इंजिनाच्या मॅन्युअलमध्ये मिळेल. फार जास्त असेल तर ही चाल रोखणारे थ्रस्ट वॉशर गेले आहेत. मग क्लचवर पैसे घालवण्याआधी इंजिनाकडे बघावं लागेल. दुसरं माप घासणाऱ्या चेहऱ्याच्या डगमगीचं. क्रँक एका बाजूला दाबून धरत पूर्ण फेरा फिरवा. दाबून धरला नाही तर पहिली चाल या मापात मिसळते आणि आकडा खोटा येतो. बहुतेक गाड्यांना 0.1 ते 0.2 मिलिमीटरच्या वर डगमग चालत नाही. तिसरं माप पट्टीने घ्यायचं. सरळ पोलादी पट्टी चेहऱ्यावर आडवी ठेवून खाली फीलर गेज घाला, म्हणजे मधे किती खोलगट झालंय ते समजेल.

आता बोल्ट. ते घट्ट असतात, आणि सोडवायला गेलं की इंजिनच फिरतं. लोक दातांत स्क्रू ड्रायव्हर अडकवतात, त्यात दात तुटतो किंवा हाउसिंगचा कान उडतो. रिंग गिअरमध्ये दातेरी तुकडा अडकवून हाउसिंगच्या भोकात बोल्टने धरणारं लॉकिंग टूल मिळतं, तेच वापरा. काही इंजिनांत टायमिंग जुळवण्यासाठी फ्लायव्हीलमध्ये पिन घालायचं भोक असतं. ती पिन जागा दाखवण्यापुरती असते, बोल्ट सोडवण्याचा जोर ती घेऊ शकत नाही. तिच्या भरवशावर पाना ओढला तर पिन वाकते आणि नवं काम वाढतं.

सगळे बोल्ट एकदम काढू नका. साधं फ्लायव्हील 6 ते 12 किलोचं असतं, ड्युअल मास (दोन भागांचं, त्याबद्दल पुढं येईल) त्याहून जड, आणि धार लागलेले दात बोटांवर आले तर जखम खोल होते. समोरासमोरचे दोन बोल्ट शेवटपर्यंत अर्धे ठेवा, फ्लायव्हील हलवून सुटं करा, मग ते दोन काढा. दोन लांब बोल्टांची डोकी कापून गाइड म्हणून वापरता आली तर उत्तमच, बसवतानाही ती कामाला येतात. काढण्याआधी क्रँकवर आणि फ्लायव्हीलवर जुळती खूण करा. पुष्कळ इंजिनांत एक भोक मुद्दाम सरकवलेलं असतं किंवा डॉवेल पिन (जागा ठरवणारी खुंटी) असते, त्यामुळे ते एकाच तऱ्हेने बसतं. पण सगळ्यांत नसतं, आणि टायमिंगची खूण किंवा सेन्सरचे दात फ्लायव्हीलवर असतील तर चुकीच्या जागी बसलेल्या फ्लायव्हीलने इंजिन चालूच होणार नाही.

बाहेर काढल्यावर ते धुण्याआधी न्याहाळा, कारण तेल कुठून आलंय याचा माग धुतल्यावर उरत नाही. मागच्या ऑइल सीलखालून ओघळ आला असेल तर सील गेलंय. बोल्टांच्या भोकांभोवती ताऱ्यासारखे किरण दिसत असतील तर तेल आट्यांतून आलंय. हाउसिंगच्या बाजूने आलेलं, गंधकासारखा उग्र वास असलेलं तेल गिअरबॉक्सचं. तिन्हींचे इलाज वेगवेगळे आहेत, आणि तेल बंद केल्याशिवाय घातलेली क्लच प्लेट वाया गेलीच म्हणून समजा. इथवर आलातच आहात तर मागचं सील कोरडं असलं तरी हातासरशी बदला. टेफ्लॉनचं सील असेल तर त्याला तेल लावू नका, ते कोरडंच बसवायचं असतं.

चेहऱ्यावर निळे-काळे डाग दिसतील. क्लच घसरून बीड तिथं इतकं तापलं की त्याची रचनाच बदलली, आणि तेवढा भाग बाकीच्यापेक्षा कडक झाला. पॉलिश पेपरने घासून डाग दिसेनासा होतो, पण कडकपणा खोलवर तसाच राहतो. म्हणून लेथवर फेस मारण्यापेक्षा, म्हणजे टूलने चेहरा कापून सपाट करण्यापेक्षा, ग्राइंडिंग करा, असं माझं ठाम मत आहे. लेथचं टूल त्या कडक डागावर आलं की किंचित वर उचललं जातं आणि डागाच्या जागी सूक्ष्म उंचवटा सोडून पुढं जातं. चेहरा चकचकीत दिसतो, गाडी चार दिवस बरी चालते, मग तोच उंचवटा तापतो आणि थरथर परत येते. ग्राइंडिंगचा दगड मऊ-कडक असा भेद करत नाही.

फ्लायव्हील सपाट आहे की पायरीचं, हे यंत्रावर चढवण्याआधी बघा. पायरीच्या फ्लायव्हीलमध्ये प्रेशर प्लेट बसते ती कड आणि क्लच प्लेट घासते तो चेहरा वेगळ्या उंचीवर असतात. चेहऱ्यातून जितकं काढाल तितकंच कडेतूनही काढायला हवं. नुसता चेहरा खाली नेला तर प्रेशर प्लेटचा दाब कमी पडतो आणि नवा क्लच पहिल्याच चढावर घसरतो. तुमच्या गाडीचं पायरीचं असेल आणि मागच्या वेळी कुणी फेस मारला असेल, तर ही उंची मोजल्याशिवाय पुढं जाऊ नका. किती काढायचं यालाही मर्यादा आहे. किमान जाडी मॅन्युअलमध्ये असते, ती ओलांडायची नाही. डाग आणि खाचा जातील तेवढंच, शक्य तितकं कमी काढायचं.

भेगांबद्दल मी फार कडक आहे. चेहऱ्यावर केसासारख्या बारीक, उथळ भेगा असतील आणि ग्राइंडिंगमध्ये त्या पूर्ण जात असतील तर ठीक. भेग बोल्टच्या भोकापर्यंत, आतल्या किंवा बाहेरच्या कडेपर्यंत पोचली असेल, तर ते फ्लायव्हील भंगारात द्या. वेल्डिंग नाही, तडजोड नाही. हिशेब करून बघा. 28 सेंटिमीटर व्यासाचं फ्लायव्हील मिनिटाला 6000 फेरे घेतं तेव्हा त्याची कड सेकंदाला 88 मीटर, म्हणजे ताशी 300 किलोमीटरच्या वर धावत असते. तिथं ते फुटलं तर तुकडे हाउसिंग फोडून बाहेर येतात, आणि गाडीत बसलेल्यांचे पाय त्या हाउसिंगच्या फार लांब नसतात. संशय असेल तर डाय पेनेट्रंट मारून घ्या. लाल द्रव भेगेत शिरतो आणि पांढऱ्या पावडरवर रेघ उमटवतो, डोळ्याला न दिसलेली भेग त्यात दिसते.

रिंग गिअर मात्र स्वतंत्रपणे बदलता येते. ती गरम करून चढवलेली, गार झाल्यावर आवळून बसलेली रिंग असते. जुनी काढताना दोन दातांच्या मधे ड्रिलने भोक पाडा, फ्लायव्हीलला ड्रिल लागू देऊ नका, आणि तिथंच छिन्नीचा घाव घाला. रिंग टणकन फुटते, म्हणून चष्मा हवाच. नवी रिंग चढवण्याआधी बसण्याची खाच तारेच्या ब्रशने लख्ख करा. रिंग साधारण 200 ते 220 अंश सेल्सिअसपर्यंत तापवायची, आणि शक्यतो ओव्हनमध्ये, कारण गॅसच्या ज्योतीने एक बाजू जास्त तापते. 28 सेंटिमीटर व्यासाची रिंग 180 अंशांनी तापली की तिचा व्यास जेमतेम 0.6 मिलिमीटरने वाढतो. सगळं काम त्या 0.6 मिलिमीटरवर चालतं, तेव्हा चिमटे हातात आणि फ्लायव्हील समोर, सपाट जागेवर तयार ठेवा. घासून चकचकीत केलेल्या जागी रंग फिकट गवती आला की पुरे. निळा आला तर दातांचं पाणी उतरलं, म्हणजे कडकपणा गेला, ती रिंग टिकणार नाही. दातांची उतरती कड सेल्फचं पिनियन ज्या बाजूने येतं तिकडे असली पाहिजे. ठेवल्याबरोबर चहूबाजूंनी टेकवा आणि आपोआप गार होऊ द्या. पाणी ओतलं तर रिंग तडकते. गार झाल्यावर रिंग आणि खांदा यांच्यामध्ये फीलर गेजचं सगळ्यात पातळ पातं कुठंच जायला नको.

ड्युअल मास फ्लायव्हीलला यातलं काहीच लागू नाही. त्यात दोन वजनं, मधे लांब कमानदार स्प्रिंगा आणि ग्रीस असतं. दुसरा भाग हाताने फिरवून आणि पुढं-मागं हलवून चाल बघायची आणि त्या मॉडेलच्या मर्यादेशी ताडायची. कडेने काळं ग्रीस बाहेर आलं असेल किंवा इंजिन बंद करताना खडखडत असेल तर बदलणं हाच मार्ग. त्याच्या जागी साधं फ्लायव्हील बसवून देतो म्हणणारे भेटतील. मी ते करत नाही, कारण ज्या झटक्यांना त्या स्प्रिंगा झेलत होत्या ते मग थेट गिअरबॉक्सवर जातात.

आता बसवण्याकडे येतो. क्रँकच्या मागच्या फ्लँजचा, म्हणजे फ्लायव्हील जिच्यावर बसतं त्या चकतीचा, सपाट चेहरा फ्लायव्हील बसण्याआधी अगदी निर्मळ हवा, यावर मी जास्तीत जास्त वेळ घालवतो. एक गाडी माझ्याकडे तुमच्यासारखीच तक्रार घेऊन आली होती, दोनदा क्लच बदललेली, फ्लायव्हील ग्राइंड केलेलं. डायल गेज लावलं तर डगमग 0.2 मिलिमीटरच्या जवळपास. फ्लायव्हील काढून टेबलावर तपासलं तर सपाट. मग फ्लँजवर बोटाचं नख फिरवलं, तर एका भोकाच्या काठाला नख अडलं. जुन्या सीलंटचा, वाळून दगड झालेला, तांदळाच्या कणीएवढा पापुद्रा. आवळल्यावर तो दबून 0.05 मिलिमीटरचा राहिला होता. पण फ्लँजची त्रिज्या 35 मिलिमीटर आणि फ्लायव्हीलची 140, म्हणजे चौपट. आतला 0.05 बाहेर कडेला 0.2 होतो. ऑइलस्टोन (धार लावायचा बारीक दगड) हलक्या हाताने फिरवून तो काढला, तेच फ्लायव्हील परत बसवलं आणि थरथर गेली. तेव्हापासून मी आधी फ्लँजवर नख फिरवतो, मग ऑइलस्टोन, मग पांढरं फडकं. फडक्याला डाग लागला तर पुन्हा. फ्लायव्हीलची मागची बाजूही तशीच.

बोल्ट नवेच वापरा. पुष्कळ इंजिनांत हे बोल्ट आवळताना ताणले जातात आणि एकदाच वापरायचे असतात. जुने दिसायला चांगले असले तरी त्यांची लांबी वाढलेली असते. ड्युअल मासचे आणि साध्याचे बोल्ट लांबीला वेगळे असतात, तेही जुळवून बघा. भोकांतले आटे साफ करायला टॅप मारू नका, टॅप धातू कापतो. जुन्याच एका बोल्टला आरीने उभी खाच पाडा आणि तो हाताने आत-बाहेर फिरवा, घाण खाचेत गोळा होऊन येते. भोक आरपार क्रँककेसमध्ये उघडत असेल तर आट्यांना सीलंट लागतं, बंद असेल तर थ्रेड लॉकर. नव्या बोल्टवर कंपनीनेच ते लावलेलं असेल तर वरून काही लावायचं नाही.

आवळणं समोरासमोर, टप्प्याटप्प्याने, मॅन्युअलमधल्या आकड्यालाच. कुठं नुसता टॉर्क दिलेला असतो, कुठं टॉर्क आणि वर अंश, म्हणजे 60 न्यूटन मीटर अधिक 90 अंश अशा धर्तीवर. हा आकडा फक्त धाटणी दाखवायला दिलाय, तुमच्या इंजिनाचा वेगळा असू शकतो. हाताच्या अंदाजाने हे बोल्ट आवळणारा कितीही जुना मेकॅनिक असो, त्याला थांबवा. आवळून झालं की डायल गेज परत लावा. मर्यादेबाहेर गेलं तर सगळं परत खोला, इथंच. गिअरबॉक्स चढवल्यावर हेच काम पूर्ण दिवसाचं होतं.

क्रँकच्या टोकाशी इनपुट शाफ्टला आधार देणारं पायलट बेअरिंग असेल तर नवं घाला. नव्या किंवा ग्राइंड केलेल्या चेहऱ्यावर गंज न लागण्यासाठी तेलाचा हात असतो, तो ब्रेक क्लीनरने पूर्ण काढा आणि मग तिथं बोट लावू नका. क्लच प्लेटवर फ्लायव्हीलकडची बाजू लिहिलेली असते. अलाइनमेंट टूलने मधोमध धरून प्रेशर प्लेट ठिपक्याला ठिपका जुळवून, समोरासमोर आवळा. शाफ्टच्या स्प्लाइनला, म्हणजे त्यावरच्या उभ्या खाचांना, ग्रीसचा नुसता पुसट हात द्या, जास्तीचं उडून प्लेटवर जातं. बेल हाउसिंगच्या जोडावरच्या दोन पोकळ डॉवेल जागेवर आहेत ना, हे मोजून बघा. त्यातली एक हरवली तर गिअरबॉक्स किंचित खाली बसतो, आणि सगळं नवं घालूनही गाडी थरथरते. गिअरबॉक्स हाताने पूर्ण टेकला पाहिजे. बोट-दोन बोटांची फट बोल्टने ओढून मिटवायला गेलात तर क्लच प्लेटचा हब तुटेल. टेकत नसेल तर मागं घ्या, शाफ्ट थोडा फिरवा, पुन्हा लावा.

पहिले 500 किलोमीटर चढावर क्लच अर्धा धरून गाडी थोपवू नका आणि ओझं ओढू नका. पहिल्या आठवड्यात दोन-तीनदा गाडी रात्रभर उभी असताना बेल हाउसिंगखाली पुठ्ठा ठेवा आणि सकाळी बघा. थेंब पडला असेल तर त्याचा वास घेऊन तेल इंजिनाचं की गिअरबॉक्सचं ते ओळखा. एवढ्या लवकर कळलं तर क्लच प्लेट वाचवायला वेळ असतो.